मठार

डॉक्टर बेहेरेंनी यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मुरलीधर वडक्यांच्या उजव्या हातात पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला होता. पेला हलत होता, पाणी पायजम्यावर सांडत होतं, आणि ते नेहमीसारखे समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून स्वतःच्या हाताकडे बघायचं नाही, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी टॅबलेटवर बोट सरकवलं. पेल्यातलं पाणी हललं, पुन्हा एकदा हललं आणि शांत झालं.

"अण्णा, बघा तरी," त्यांची मुलगी हेमांगी म्हणाली.

त्यांनी पाहिलं. पेला तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले आणि रिकामा पेला टेबलावर जराही आवाज न करता ठेवला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "शकू, आता माझ्या ताटाखालचे पोहे वेचायला नकोत तुला."

शकुंतलाबाई हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

कंपवातावरची अशी यंत्रं जुनीच होती. मेंदूत खोलवर बारीक तारा आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी. पूर्वीची यंत्रं दिवसरात्र सारखीच वीज सोडत राहायची. यातला 'तोल' नावाचा प्रोग्रॅम मात्र नवा होता. तो आधी ऐकायचा. कंपवाताच्या थरथरीला एक ठेका असतो, सेकंदाला साधारण चार-पाच हेलकाव्यांचा. मेंदूत त्या ठेक्याची लाट उठली की तोल तेवढ्यापुरती, तेवढीच वीज सोडून ती मोडून टाकायचा. लाट नसेल तेव्हा स्वस्थ राहायचा.

हेमांगीला हे सगळं समजत होतं, कारण तिचा धंदाच तो. डायलिसिसची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. बाणेरला राहायची आणि रविवारी आईवडिलांकडे यायची. यंत्र सुरू झाल्यानंतरच्या रविवारी मात्र ती आली ती वडिलांना कारखान्यात घेऊन जायला.

कारखाना म्हणजे तांबट आळीतली एक खोली. आळीत आता मोजकेच लोक हातानं काम करणारे उरले होते, आणि मठारकामात मुरलीअण्णांच्या तोडीचा कुणी नव्हता. तांब्याचं भांडं घडवून, उजळून झालं की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं त्याच्या अंगावर एकाशेजारी एक ठोके बसवत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत ठसा उमटतो, टिकलीएवढा. पत्रा त्यानं कडक होतो आणि भांड्यावर उजेड खेळायला लागतो. आखून हे काम होत नाही. हात ठेक्यात चालला तरच रांग सरळ पडते.

अण्णांनी एक घंगाळ लोखंडी दांड्यावर चढवलं, मांडी घातली, हातोडी उचलली. ठण, ठण, ठण, ठण. आणि पहिली अर्धी रांगही झाली नव्हती तोच हात मंदावला. पाण्यातून उचलावा तसा जड झाला आणि घंगाळाच्या काठावर येऊन पडला.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. कितीतरी वेळ ते करून बघत होते. शेवटी हातोडी खाली ठेवून म्हणाले, "हेमा, हा हात मी उचलतोय आणि दुसराच कुणीतरी खाली ठेवतोय."

कोण ते हेमांगीला कळलं होतं. मठारकामाचा ठेका सेकंदाला चारच्या आसपास पडतो. कंपाचाही जवळपास तोच. तोलच्या कानाला दोन्ही सारखेच लागत होते. अण्णांचं काम हा त्याला त्यांचा रोग वाटत होता, आणि दिलेली कामगिरी तो चोख पार पाडत होता.

पुढचे महिने घरात वाईट गेले. चहा न सांडणारा, शर्टाची बटणं स्वतः लावणारा माणूस सबंध दिवस खुर्चीत बसून राहिला. आमटीत मीठ जास्त झालं, खिडकी उघडी का, फोनवर एवढ्या मोठ्यानं कुणाशी बोलतेस. शकुंतलाबाईंनी इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते आता रोज ऐकायला लागलं. एकदा त्या हेमांगीला जिन्यात गाठून म्हणाल्या, "कंप होता तेव्हा बरे होते गं हे. निदान आपले तरी होते."

त्याच आठवड्यात हेमांगीनं प्लगइनचं काम हातात घेतलं.

जेवणाच्या टेबलावर तिनं दोघांना समजावून सांगितलं. "आपला मिक्सर आहे ना, त्याची मोटर एकच. चटणीचं भांडं लावलं की चटणी होते, रसाचं लावलं की रस निघतो. मोटर बनवणाऱ्यानं वर फक्त खाच ठेवलेली असते, कुणीही त्या मापाचं भांडं बनवून बसवावं म्हणून. तोल ही मोटर आहे. त्या कंपनीनंही अशा खाचा ठेवल्यात. जगात सगळ्यांच्या गरजा त्यांना कुठून कळणार? एका बाईनं शिवणकामासाठी प्लगइन लिहिलंय, एकानं पोहण्यासाठी. प्लगइन स्वतः काही करत नाही. ते मोठ्या प्रोग्रॅमच्या कानात सांगतं, आणि तो करतो."

"तू काय सांगणार त्याच्या कानात?" अण्णांनी विचारलं.

"की हा रोग नाही. हे काम आहे."

"आणि तुझ्या भांड्याला तरी ते कसं कळणार?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात हेमांगीचा सबंध पावसाळा गेला. माणूस मनानं हात हलवतो तेव्हा हालचाल व्हायच्या जरासं आधी मेंदूतली एक लाट खाली बसते. उडी मारण्याआधी माणूस गुडघ्यात वाकतो, तशी. कंप येतो तेव्हा ती बसत नाही. कंपाला आधी काही ठरवावं लागत नाही. ती लाट बसली की प्लगइननं तोलला थांबवायचं, आणि तो ठोका पुरा होण्यासाठी उलट थोडी जादा वीज मागून घ्यायची. ती तासन् तास वडिलांसमोर लॅपटॉप घेऊन बसायची. अण्णा ठोकायचे, थांबायचे, पुन्हा ठोकायचे. त्यांच्या त्या बसणाऱ्या लाटा ती प्रोग्रॅमला शिकवत होती. डॉक्टर बेहेरेंनी प्रत्येक टप्पा स्वतः तपासला, कंपनीकडून परवानगी आणवली. प्लगइनला नाव द्यायची वेळ आली तेव्हा हेमांगीनं फार विचार केला नाही. 'मठार' असं टाइप केलं.

ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी अण्णांनी तेच घंगाळ पुन्हा दांड्यावर चढवलं. पहिली रांग पुरी झाली. दुसरी झाली. शेजारच्या कारखान्यातल्या यशवंत करड्यांची हातोडी थांबली आणि ते दारात येऊन उभे राहिले.

"मुरली, तूच ठोकतोयस का रे?"

"मग काय तुझा आजा?" अण्णा मान वर न करता म्हणाले.

करडे आत येऊन बसले, घंगाळ भरेपर्यंत बसून राहिले. संध्याकाळी शकुंतलाबाईंनी शिरा केला. अण्णांनी नावं न ठेवता दोनदा मागून घेतला.

ती दोन वर्षं चांगली गेली. एका हॉटेलच्या दिवाणखान्यासाठी अण्णांनी तांब्याच्या मोठ्या दिव्यांच्या छत्र्या मठारल्या. दुपारी जेवायला घरी यायचे, तेव्हा जिन्यातूनच "शकू, ताट घे" अशी हाक यायची. रात्री जेवणं झाली की दोघं गॅलरीत बसायची आणि आळीतल्या प्रत्येक घराचा समाचार घ्यायची. कारखान्याच्या आवाजात दिवसभर कुणाशी बोलता यायचं नाही, त्यामुळे साठलेलं सगळं अण्णा तेव्हा बोलायचे. शकुंतलाबाईंचं दिवसभराचं सुख त्या गॅलरीत होतं.

मग त्यांच्या बोलण्यातला 'श' गेला. 'सकू' म्हणायला लागले. शकुंतलाबाईंना आधी गंमत वाटली. पुढे शब्द एकमेकांना चिकटायला लागले, आवाज खाली गेला. फोनवर हेमांगीला त्यांचं बोलणं कळेना, तेव्हा तिनं नवीन फोन आणून दिला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कंपवात पुढे सरकतोय, त्यात बोलणंही जातं.

ते तसंच धरून सगळे चालले असते. पण अण्णा तापानं आठवडाभर घरी झोपून होते, आणि ताप उतरल्यावर शकुंतलाबाईंनी मुलीला फोन केला.

"हेमा, हे आता चांगलं बोलतायत."

"ताप गेला ना, म्हणून असेल."

"अगं तापातसुद्धा बोलत होते. चौथ्या दिवसापासून माझं नाव नीट घेतायत. कारखान्यात जात नाहीत तर बोलतायत. तुझ्या त्या भांड्याचं काही आहे का?"

हेमांगीनं फोन कानाशी धरूनच लॅपटॉपवर मठारच्या नोंदी उघडल्या. उजव्या हाताची तार डाव्या मेंदूत असते, आणि जिभेकडे, घशाकडे जाणारे धागे तिथून अगदी जवळून जातात. तिला हे माहीत होतं. वाचलं होतं. जसजसा रोग वाढत होता तसतशी अण्णांची ती बसणारी लाट उथळ होत होती, आणि ठोका पुरा करायला मठार तोलकडे अधिकाधिक वीज मागत होतं. तोल देत होता. जिवाला धोका होऊ नये म्हणून एक मर्यादा त्यात होती, तिच्या पुढे तो जात नव्हता. पण माणसाच्या आवाजासाठी वेगळी मर्यादा तिनं मठारमध्ये घातलीच नव्हती. हात चालतोय, एवढंच ती बघत राहिली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी खात्री करून घेतली. मठार सुरू करून अण्णांना तासभर एका लाकडी ठोकळ्यावर ठोकायला लावलं. त्यानंतर त्यांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येईना. मग मठार बंद केलं आणि सगळे वाट बघत बसले. डॉक्टर दुसरे पेशंट बघून आल्या. दुपार टळल्यावर अण्णांनी घसा खाकरला.

"शकू."

"काय?"

"गॅस बंद करून आलीस ना?"

शकुंतलाबाईंना हसू फुटलं. हेमांगीला मात्र त्या खोलीत बसवेना. ती बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं आई बाहेर आली. हेमांगीला वाटलं, ती जवळ घेईल. पण शकुंतलाबाई तिच्यासमोर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे रोगानं नेलं नव्हतं."

"नाही, आई."

त्यानंतर दिवस वाटून घेतला. सकाळी मठार चालू आणि अण्णा कारखान्यात. दुपारी जेवणाआधी मठार बंद. संध्याकाळपर्यंत आवाज परत यायचा आणि गॅलरी पुन्हा भरायची. काही महिने सगळ्यांना वाटलं की यातूनही वाट निघाली. पण आवाज हळूहळू उशिरा यायला लागला. दिवेलागणीला येणारा रात्री झोपायच्या वेळी यायला लागला, मग दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि तोवर कारखान्याची वेळ झालेली असायची. मेंदू त्या विजेला सरावत चालला होता. शेवटी दोन-दोन दिवस कारखाना बंद ठेवावा लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं.

"हे असंच चालू ठेवलं तर एक दिवस आवाज परत येणारच नाही. किंवा आत्ताच मठार कायमचं काढून टाकू. मग बोलणं आणखी काही वर्षं टिकेल. हात कामाचा राहणार नाही. मी औषध सांगू शकते, वडके, पण हे तुमचं तुम्ही ठरवायचंय."

ठरवण्यासाठी हेमांगी घरी आली तेव्हा मठार तीन दिवस बंद होतं आणि अण्णा स्पष्ट बोलत होते. टेबलाभोवती तिघं बसली.

"मला हात पाहिजे," ते म्हणाले.

शकुंतलाबाईंना बहुतेक वाटलं असावं की ते आधी काही बोलतील, विचारतील. त्या म्हणाल्या, "आणि मी?"

"तू आहेसच की."

"मी आहे हो. माझ्याशी कोण बोलणार?"

अण्णा टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघायला लागले. "शकू, हात थांबला की मी नुसता बसून राहिलेला माणूस होतो. तू बघितलास ना तो माणूस? त्या वर्षी, खुर्चीतला? त्याचं बोलणं तुला हवंय का? मला तर तो आवडत नाही. मी त्याच्याबरोबर राहायचं कसं?"

"मी राहिले होते त्याच्याबरोबर."

"हो. आणि जिन्यात जाऊन रडायचीस."

शकुंतलाबाई उठल्या. "भांड्याशी बोला मग," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून कुकर आदळल्याचा आवाज आला.

"आई, थांब ना," हेमांगीनं हाक मारली. मग वडिलांना म्हणाली, "अण्णा, तिच्यासाठी तरी. अजून काही वर्षं."

"सुरू कर उद्या सकाळी."

"मी नाही म्हटलं तर?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. "तू नाही म्हणालीस तर माझं काही चालणार नाही. किल्ली तुझ्या हातात आहे. पण मग मला इथून पुढं रोज वाटेल की माझ्या मुलीनं मला बसवून ठेवलं. ते मला वाटायला नकोय."

ती त्या रात्री तिथेच राहिली. जेवणं झाली. अण्णा गॅलरीत जाऊन बसले. "शकू," त्यांनी हाक मारली. मोरीत भांडी वाजत राहिली. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "शकू, करड्यांच्या सुनेचं काय झालं, सांगतो, ये." कुणी गेलं नाही. हेमांगी आईजवळ जाऊन म्हणाली, "आई, जा ना. उद्या—"

"मला माहितीये उद्या काय आहे ते," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

अण्णांनी आणखी एकदोनदा हाक मारली. मग उठून आत येऊन झोपले.

सकाळी हेमांगीनं मठार सुरू केलं. आवाज लगेच गेला नाही. पंधरा दिवस पुसट होत राहिला. त्या दिवसांत शकुंतलाबाईंनी राग सोडला, त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायला लागल्या. पण तोवर शब्द वेगळे काढता येत नव्हते. एकदा अण्णा बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. शकुंतलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "हो का?" म्हणाल्या, आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन हेमांगीला म्हणाल्या, "एक अक्षर कळलं नाही मला. बहुतेक ते करड्यांच्या सुनेचंच असेल."

हेमांगीनं पाटी आणून दिली. पण मठार फक्त हातोडीच शिकलं होतं. लेखणी धरली की अण्णांचं अक्षर मुंगीएवढं होत जाई आणि ओळ संपायच्या आत विरून जाई. फोनवरची अक्षरं बोटानं दाबून ते 'चहा', 'झोपतो' एवढं लिहायचे. लिहून बोलणारा माणूस तो कधीच नव्हता.

काम मात्र त्यांनी वर्षभर केलं. करडे म्हणायचे की इतकं साफ काम मुरलीच्या हातून तरुणपणीही कधी उतरलं नव्हतं. शकुंतलाबाई कारखान्यात जात नसत. डबा पाठवून द्यायच्या. मुलीशी कामापुरतं बोलायच्या. हेमांगीनं एकदा धीर करून "आई, मी काय करायला हवं होतं?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी डाळ निवडता निवडता उत्तर दिलं, "तू बापाचं ऐकलंस. वाईट काही केलं नाहीस." आणि पुन्हा डाळीत बघायला लागल्या. त्या बोलण्यात क्षमा होती की नाही ते हेमांगीला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात करड्यांचा फोन आला. "ताई, मुरली थांबत नाहीये."

ती पोहोचली तेव्हा अण्णा कारखान्याच्या भिंतीला टेकून बसले होते. हातोडी करड्यांनी काढून घेतली होती. रिकामी मूठ मांडीवर आपटत होती, त्याच ठेक्यात, एकसारखी. पायजम्याखाली मांडी काळीनिळी पडली होती. अण्णांचा चेहरा, आताशा कायम असायचा तसा, कोरा होता. डोळे तेवढे तिच्याकडे वळले.

तिनं लॅपटॉप जोडला. मठार तोलला एकसारखं सांगत होतं: हे काम आहे, हे काम आहे. अण्णांची ती बसणारी लाट आता इतकी उथळ झाली होती की कंपाच्या लाटेत आणि तिच्यात फरक उरला नव्हता, आणि ज्यातून फरक शिकायचा तो त्यांचा मेंदूच आता तो फरक करत नव्हता. तिनं काही दिवस खटपट केली. आकडे बदलले, जुन्या नोंदी पुन्हा शिकवल्या. डॉक्टर बेहेरेंनी शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मठार बंद केलं. हात थांबला. आवाज आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, शकुंतलाबाई रोज सकाळी त्यांच्याशेजारी बसून वाट बघायच्या. मग ते खुर्चीतून पलंगावर गेले. गिळणं अवघड झालं, तेव्हा नळी आली. उजवा हात चादरीवर ठेवला असेल तसाच दिवसभर पडलेला असायचा.

एका रविवारी हेमांगी आली तेव्हा सकाळचं ऊन खोलीत पलंगापर्यंत आलं होतं. शकुंतलाबाईंनी अण्णांचं अंग पुसून केस विंचरले होते. त्या म्हणाल्या, "हेमा, ते तुझं सुरू केलं तर आता काय होईल?"

"काही उपयोग नाही आई. हात आपटत राहील नुसता."

"त्यांना त्रास होईल?"

"तसा नाही. मांडीवर आपटला तर लागेल."

"मांडीवर आपण आपटू देणार नाही." त्या पलंगाच्या कडेला सरकून बसल्या. "कर सुरू."

हेमांगीनं वडिलांकडे पाहिलं. "अण्णा, करू का?" त्यांचे डोळे आईकडे होते. होय-नाहीची काही खूण नव्हती, तशी ती आता कशालाच नसायची. तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कमीत कमी विजेवर ठेव, तू तिथेच बस.

तिनं मठार सुरू केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग अण्णांचा हात चादरीवरून उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला गेला. शकुंतलाबाईंनी आपला उजवा तळवा त्याखाली धरला. मूठ त्यावर पडायला लागली, हलकी, एकसारखी.

"कोण करतंय हे?" त्यांनी विचारलं. "रोग करतोय, का हे करतायत?"

नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हेमांगीनं सबंध पावसाळा घालवला होता. स्क्रीनवर 'काम' असा शब्द दिसत होता. काही महिन्यांपूर्वी रिकामी मूठ मांडीवर आपटत होती तेव्हाही तोच दिसत होता.

"मला सांगता येत नाही, आई."

शकुंतलाबाईंनी अण्णांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग हाताकडे.

"मग असू दे चालू," त्या म्हणाल्या.

आणि त्या त्यांच्याशी बोलायला लागल्या. दूधवाला बदललाय. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची मुलगी पेटी शिकते आणि सगळ्या आळीला शिकवते. यशवंतभाऊजींचा मोतीबिंदू काढायचाय, ते घाबरलेत, पण दाखवत नाहीत. करड्यांची सून माहेरी गेली होती ती परत आली, आणि का गेली होती तेही त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं, मध्येच आवाज खाली आणून, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. मूठ पडत राहिली. हेमांगी लॅपटॉप मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. तिनं एकदा विचारलं, "आई, दुखतोय का हात? बंद करू?"

शकुंतलाबाईंनी मानेनंच नाही म्हटलं. उजवा तळवा लाल झाला होता. तो त्यांनी अलगद काढून घेतला आणि डावा पुढे केला.